काही पानं पुढच्या काळातली

वीज गेल्याने पोस्टग्रेस या डेटाबेसचा एखादा स्टँडबाय, म्हणजे मुख्य सर्व्हरचा लॉग लावून त्याची प्रत राखणारा सर्व्हर, मधेच बंद पडतो. तासाभराने तो सुरू करावा, तोवर मुख्य सर्व्हर कितीतरी व्यवहार पुढे गेलेला असतो. तरी स्टँडबाय उठतो आणि त्याला गाठतो. हे कसं घडतं ते समजून घेताना मी थक्क झालो, आजही होतो.

पाया कीर्द-खतावणीचा. कुठलाही बदल आधी लॉगच्या कीर्दीत नोंदला जातो. खतावणीची ८ केबीची पानं मागाहून सवडीने डिस्कवर उतरतात. लॉगच्या फाइली सहसा १६ एमबीच्या. भरलेल्या फाइलीची प्रत आर्काइव्हमध्ये जाते. प्रत्येक नोंदीला तिच्या लॉगमधल्या जागेचा क्रमांक असतो आणि तो कायम वाढताच राहतो.

उठल्यावर स्टँडबाय एका छोट्याशा कंट्रोल फाइलमधून शेवटचा रीस्टार्टपॉइंट वाचतो. तिथवरचं सगळं डिस्कवर पोचलंय, एवढी खात्री त्याला असते. तिथून तो लॉग पुन्हा लावू लागतो, त्यातलं बरंचसं आधी लावून झालेलं असलं तरी. मग एकच नोंद दोनदा लागत नाही? नाही, कारण प्रत्येक पानाच्या माथ्यावर त्याला शेवटी लागलेल्या नोंदीचा क्रमांक असतो. नोंद त्याच्या पुढची नसेल, तर ती सोडून दिली जाते. सी. मोहन आणि त्यांच्या आयबीएममधल्या सहकाऱ्यांनी १९९२च्या ‘एरीज’ शोधनिबंधात ही युक्ती सविस्तर मांडली.

मला सर्वांत विलक्षण वाटतं ते यापुढचं. बंद पडण्याआधी काही पानं डिस्कवर पोचली, काही राहिली. म्हणजे आता एक पान दहा वाजताचं, तर शेजारचं दहा वाजून चार मिनिटांचं! एखादं तर अर्धवटच लिहिलेलं. म्हणूनच मुख्य सर्व्हरवर चेकपॉइंटनंतर, म्हणजे तोवरची बदललेली पानं डिस्कवर उतरवल्याच्या टप्प्यानंतर, पान पहिल्यांदा बदलतं तेव्हा त्याची अख्खी प्रत लॉगमध्ये ठेवलेली असते. ती डिस्कवरच्या पानावर सरळ बसवतात; पान आधी मागे जातं, मग नोंदीनोंदीने पुढे येतं. या अवस्थेत कुणी वाचायला आलं, तर त्याला कधीच अस्तित्वात नसलेला हिशोब दिसेल. ते टाळण्यासाठी कंट्रोल फाइलमध्ये आणखी एक क्रमांक जपलेला असतो: डिस्कवर गेलेली पानं जास्तीत जास्त कुठवर पुढे होती. लॉग निदान तिथवर लागेपर्यंत वाचकांना दार बंद. तो टप्पा आला, की सगळी पानं एकाच क्षणाची होतात.

मग आर्काइव्हमधून एकेक फाइल मागवणं चालूच राहतं. अखेरीस स्टँडबाय अशी फाइल मागतो, जी अजून भरलेलीच नाही. ती मिळत नाही, आणि तो याला बिघाड मानत नाही. आपल्याकडचा लॉग पाहून तो थेट मुख्य सर्व्हरशी जोडणी करतो. जोडणी तुटली तर पुन्हा आर्काइव्ह. मात्र मधलीच एखादी फाइल सगळीकडून पुसली गेली, तर तो तिथेच अडतो. एकही नोंद वगळून त्याला पुढे जाता येत नाही. मुख्य सर्व्हरची नवी प्रत घेऊन तो पहिल्यापासून उभा करावा लागतो.