रायतूरचे पाद्री-गुरू

मंगेश हे आमचे कुलदैवत. दिवाळीची सुट्टी लागली की मालवणहून मंगेशीला जाऊन यायचे, हा आमच्या घरचा जुना परिपाठ. लहानपणी बांदा मागे पडला की आजी हटकून तीच गोष्ट सांगावयाची. "आपलो देव आधी नदीपलीकडे होतो. फिरंगी देवळा मोडूक लागले, तेव्हा देवाक रातोरात नदीपार हाडल्यानी." आजी शाळेत गेलेली नव्हती, पण तिची गोष्ट इतिहासाला धरून होती. मंगेशाचे मूळ ठाणे सासष्टीतल्या कुशस्थळीला, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीला. १५६० साली देव जुवारी नदी ओलांडून प्रियोळला आला. केळशीची शांतादुर्गाही त्याच काळात अशीच कवळ्याला आली.

आणि योग असा, की त्याच सासष्टीत चाळीस वर्षे राहिलेल्या एका पाद्रीचा ग्रंथ शिकवणे हा माझ्या पोटापाण्याचा उद्योग झाला. एम. ए.च्या वर्गाला मी फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' शिकवतो. मराठीच्या थोरवीच्या त्यातल्या ओव्या शाळेपासून मुलांच्या कानांवर असतात, त्यामुळे पहिला तास सुखाने जातो. एका वर्षी मात्र तो तसा गेला नाही. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून उभा राहिला आणि रागाच्या भरात थेट मालवणीत बोलला, "सर, आमच्या देवांका ज्यांनी घराबाहेर काढल्यानी, त्यांचाच पुराण आमी कित्याक वाचूचा?"

वर्ग चिडीचूप झाला. पुढच्या बाकावर सावंतवाडीकडची एक ख्रिस्ती मुलगी बसली होती. ती हळूच म्हणाली, "सर, आमच्या घरात बायबल आहे, रोजरी आहे. पण हे पुराण माझ्या आजीनेसुद्धा कधी ऐकलेलं नाही."

एकाच्या घरी ग्रंथाविषयी राग, दुसरीच्या घरी त्याचा पत्ताच नाही! त्या दोघांना त्या दिवशी मी नीटसे उत्तर देऊ शकलो नाही. आज देऊ पाहतो आहे.

परागंदा माणूस

स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. विल्टशायर परगण्यातल्या बुश्टन या खेड्यात १५४९च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. तो काळ इंग्लंडमधल्या कॅथलिकांना फार कठीण होता. राजसत्तेने नवा पंथ स्वीकारला होता आणि जुन्या पंथाच्या माणसाला उपासना चोरून करावी लागे. स्टीफन्स यांचा जिवलग मित्र थॉमस पाउंड याने याच पायी आयुष्याची जवळजवळ तीस वर्षे तुरुंगात काढली. स्टीफन्स निसटले, रोमला पोचले आणि १५७५ साली येशूसंघात दाखल झाले. हिंदुस्थानातून फ्रान्सिस झेवियर यांनी पाठवलेली पत्रे तेव्हा युरोपभर आवडीने वाचली जात. १५४२ साली गोव्यात उतरलेले झेवियर हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्याने फिरत, मुलांना गोळा करीत आणि प्रार्थना चालीवर म्हणवून घेत. तरुण मनांना वेड लावणारी ती पत्रे होती.

४ एप्रिल १५७९ रोजी स्टीफन्स लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरले. पुढल्याच महिन्यात वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्या सहा महिन्यांच्या सागरप्रवासाची हकीकत सांगितली आहे. ते पुन्हा मायदेशी गेले नाहीत. १६१९ साली गोव्यातच त्यांचा अंत झाला.

पाहा, धर्मासाठी घरदार सोडावे लागलेला एक माणूस अशा गावांत येऊन राहिला, की जिथली माणसे धर्मासाठीच घरदार सोडून गेली होती! ही गोष्ट त्यांच्या ध्यानी आली असेल का? याचे उत्तर कागदपत्रांत मिळत नाही. मला मात्र हा प्रश्न दर वर्षी छळतो.

१५८३चे साल

उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही. सासष्टीतली देवळे स्टीफन्स येण्याच्या आधीच पाडली गेली होती आणि मिशनच्या पाठीशी पोर्तुगीज सत्तेची तलवार होती. २५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच येशूसंघीयांना ठार मारले. त्यांत अकबराच्या दरबारी राहून आलेले रोदोल्फो आक्वाव्हिवा होते. पुढे गावच्या प्रमुखांना बोलणी करण्यासाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून घेण्यात आले आणि तिथे त्यांना मारण्यात आले. दोन्हीकडची रक्ते त्याच मातीत मुरली.

स्टीफन्स तेव्हा सासष्टीतच होते. या घटनेला तीन महिने होतात न होतात तोच, २४ ऑक्टोबरला, त्यांनी आपल्या भावाला पत्र लिहिले. त्या पत्रात इथल्या भाषांविषयी लिहिताना ते म्हणतात की, या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिन भाषांच्या घडणीशी जुळते. युरोपातल्या पंडितांना हे साम्य उमगून त्याचे शास्त्र व्हायला पुढे दोनशे वर्षे लागली. सहकाऱ्यांची प्रेते डोळ्यांपुढे असताना या माणसाच्या कानांत मारणाऱ्यांची भाषा घुमत होती, आणि ती त्याला गोड लागत होती! माझ्या मते त्यांच्या जीवनाचे मर्म इथे आहे.

दौत्रिनीची मुले

परक्या माणसाला भाषा कोण शिकवते? पंडित व्याकरण शिकवील; बोलायला शिकवतात ती मुले. रविवारी दुपारी इगर्जीत मुले जमत आणि दौत्रिन, म्हणजे धर्माची प्रश्नोत्तरे, म्हणत. 'ख्रिस्तपुराणा'चा आरंभ अशाच एका दौत्रिनीच्या प्रसंगाने होतो. मुलांचा पाठ चालला आहे. तेवढ्यात नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पुढे होऊन पाद्री-गुरूंना विनवतो. दौत्रिन चांगली आहे, पण आमची जुनी पुराणे तर बंद झाली. मग फावल्या वेळी आम्ही वाचावे काय? आमच्यासाठी एखादे पुराण का करीत नाही?

किती साधा प्रश्न, आणि किती जिव्हारी लागणारा! माणसाला नुसते धर्माचे नियम पुरत नाहीत. त्याला कथा हवी, ओवी हवी, संध्याकाळी चार माणसांत बसून ऐकावे असे काही हवे. जे हिरावून घेतले गेले होते, त्याचीच मागणी त्या माणसाने पाद्रींच्या तोंडावर केली. दुसरा एखादा असता तर रागावला असता. स्टीफन्स यांनी मात्र लेखणी उचलली आणि ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण रचले. अध्यायाला ते अवस्वरू म्हणतात, स्वर्गाला वैकुंठ. कथा सांगता सांगता ऐकणारा मध्येच शंका काढतो, आणि पाद्री-गुरू थांबून त्याचे समाधान करतात. असा संवाद केवळ कल्पनेने सुचत नाही. वर्गात मुलांपुढे वर्षानुवर्षे उभे राहिल्यावरच तो अंगवळणी पडतो. वीस वर्षे खडू झिजवलेला मास्तर म्हणून एवढे मी छातीठोकपणे सांगतो.

हा ग्रंथ १६१६ साली रायतूरला, म्हणजे राशोलला, रोमी लिपीत छापला गेला. आपल्या मुलांनी तो त्यांच्या स्वतःच्या लिपीत वाचावा, ही स्टीफन्स यांची तळमळ होती. १६०८ साली त्यांनी रोमला तसे पत्रही धाडले होते. पण इथल्या अक्षरांना सहाशे खिळे लागत, आणि ते काही ओतले गेले नाहीत. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकभाषेवरच बंदीचा हुकूम काढला. ज्या सत्तेच्या सावलीत पाद्री-गुरू आले, त्याच सत्तेने त्यांच्या कामावर पाणी ओतले. पहिल्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मंगळूरकडच्या ख्रिस्ती कुटुंबांनी हाताने लिहून ठेवलेल्या पोथ्या जपल्या, म्हणून १९०७ साली ते पुराण तिथे पुन्हा छापता आले. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले, आणि २००९ साली डॉ. नेल्सन फलकाव यांनी गद्य अनुवादासह. हे फलकाव सालेशियन संघाचे फादर. इटलीतल्या तुरीन शहरात १८४१ साली रस्त्यावरची पोरे गोळा करून त्यांना शिकवू लागलेल्या डॉन बॉस्को यांचा हा संघ. तरुणांची सेवा हेच त्याचे व्रत. चारशे वर्षांपूर्वी दौत्रिनीच्या वर्गात जन्मलेला ग्रंथ अखेर अशा मुलांच्या पाद्रीच्याच हातून आपल्या मराठीत सोपा होऊन आला, हे मला फार समर्पक वाटते.

आमचे फादर

सावंतवाडीच्या त्या मुलीला सांगण्याजोगी आणखी एक आठवण माझ्यापाशी आहे. मी ज्या शाळेत शिकलो, तिथे गोव्याकडचे एक फादर होते. नाव सांगत नाही; त्यांना ते रुचले नसते. त्यांच्या कफनीच्या खिशात एक लहानशी वही असे. कोळ्यांच्या पोरांकडून ते एकेक मालवणी शब्द विचारून घेत आणि त्यात टिपून ठेवीत. "आज तुम्ही मला तीन शब्द दिले," असे म्हणताना त्यांचा चेहरा उजळून निघे. लहान मुलाला गाभुळलेली चिंच मिळावी तसा तो आनंद होता.

माझ्या शेजारी बसणारा मित्र आठवीत शाळा सोडून रापणीवर जाऊ लागला. घरी खाणारी तोंडे सहा. फादर त्याच्या वडिलांना उपदेश करायला गेले नाहीत. ते पहाटे किनाऱ्यावर गेले, कफनी वर खोचली आणि रापणीचा दोर ओढणाऱ्या रांगेत उभे राहिले. असे ते कित्येक दिवस जात राहिले. रापण ओढून झाली की वाळूवर बसून काटकीने त्याला गणित शिकवावयाचे. त्याने बाहेरून परीक्षा दिली आणि पास झाला. आज त्याची स्वतःची नौका आहे. तो हिंदू होता आणि हिंदूच राहिला. फादरांनी त्याला त्याविषयी कधी शब्दानेही विचारले नाही.

एके दिवशी वरिष्ठांचा हुकूम आला आणि फादरांची बदली झाली. ज्याने आज्ञापालनाचे व्रत घेतले, त्याला का म्हणून विचारता येत नाही. पत्र्याची एक ट्रंक, एवढाच संसार. आम्ही एस. टी. स्टँडवर रडत उभे होतो. तेव्हा ते म्हणाले, "रडू नका रे. मुलं आमची नसतात. आम्हांला ती थोडे दिवस वापरायला दिलेली असतात." व्रतस्थाच्या आयुष्यातले सुख आणि दुःख या दोन वाक्यांत आहे, असे मला आजही वाटते.

बोरीच्या पुलावरून

पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत मी वर्गाला घेऊन मंगेशीला गेलो. दर्शन झाले, आणि बोरीच्या पुलावरून जुवारी ओलांडून आम्ही राशोलला उतरलो. ज्या नदीवरून देव घाबऱ्या घाबऱ्या अलीकडे आणला, ती ओलांडायला मोटारीला काही मिनिटे पुरली. टेकाडावर गुरुकुलाची विस्तीर्ण जुनी वास्तू आहे. तरुण मुले पाद्री होण्यासाठी आजही तिथे शिकतात. बाहेरच्या पायऱ्यांवर बसून सावंतवाडीच्या मुलीने पुराणातला दौत्रिनीचा प्रसंग मोठ्याने वाचायला घेतला. ती एका जुन्या शब्दाशी अडखळली. तेव्हा मागच्या बाकावरच्या आमच्या त्या मुलाने तो तिला उच्चारून दाखवला. त्याच्या घरी पोथी वाचतात, त्यामुळे ओवीची चाल त्याच्या अंगात होती. पुढचे सगळे त्या दोघांनी मिळून वाचले.

परतताना पुलावर तो माझ्या शेजारी येऊन बसला. बराच वेळ नदीकडे बघत होता. मग म्हणाला, "सर, राग गेलो नाय हां माझो."

"जाऊ नये," मी म्हणालो. "झालं ते झालंच आहे."

"पण तो बामण विचारता ना, आमी वाचूचा काय म्हणून, त्याच्या फुडचा आमचा अर्धाच झाला. सुट्टी संपली की पयल्या तासाक ताच घेवया."

तासाच्या वहीत मी तसे लिहून ठेवले.