कुरुळीचा ‘वारस’, मलाक्काचा ‘वारिस’

आजचा एपिसोड एका शब्दावर आहे. एमआयडीसी आली, आमच्या कुरुळीत जमिनीचे भाव चढले आणि घराघरांत ‘वारस’ हा शब्द रोजचा झाला. त्याच्या मागोमाग हक्क, हुकूम, तारीख. आता गंमत बघा. मलेशियातही वारसाला ‘वारिस’ म्हणतात, हक्काला ‘हाक’, हुकमाला ‘हुकुम’ आणि तारखेला ‘तारिख’!

मूळ अरबी शब्द दोन्हीकडे पोचले, पण वाटा वेगळ्या.

आधी तिकडची वाट. साधारण १४००च्या सुमारास परमेश्वर नावाच्या राजपुत्राने मलाक्का वसवलं. भारत आणि चीनमधली जहाजं तिथल्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून जायची आणि वारा फिरेपर्यंत बंदरात थांबायची. गुजराती, तमिळ, अरब, चिनी सगळे एकत्र, आणि बाजाराची भाषा मलय. १५व्या शतकात राजघराण्याने इस्लाम स्वीकारला. मग व्यापार आणि सोयरिकीतून शेजारच्या बंदरांतही धर्म आणि मलय भाषा सोबतच गेली. मलय अरबी वळणाच्या जावी लिपीत लिहू लागले. तरी जुने संस्कृत शब्द टिकले. भाषेला ते आजही ‘बहासा’च म्हणतात.

आता आपली वाट. इथे आधी बहमनी राज्य होतं. १४९०मध्ये मलिक अहमद जुन्नरहून स्वतंत्र झाला आणि निजामशाही सुरू झाली. दरबारात फारसी, पण सारा गोळा व्हायचा गावातून. ते काम पाटील, कुलकर्णी, देशमुखांचं, आणि गावचे कागद मराठीत, मोडी लिपीत. त्यामुळे फारसी-अरबी शब्द आपल्या कागदांत शिरले, पण भाषा मराठीच राहिली आणि बहुतेक गावांचा धर्मही बदलला नाही.

म्हणजे तिकडे बंदराने राजाचा धर्म आणि भाषा दूरवर नेली. इकडे दप्तराने फक्त शब्द आणले.

पुढे पोर्तुगीजांनी १५१०मध्ये गोवा घेतलं आणि १५११मध्ये मलाक्का. सल्तनत गेली, मलय राहिली. आज मलेशिया, इंडोनेशिया, ब्रुनेईच्या राजभाषा तिच्यातूनच आल्या आहेत. इकडे निजामशाही १६३६मध्ये संपली. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना पर्याय द्यायला राज्यव्यवहारकोश करवून घेतला. तरी ‘वारस’ आणि ‘हक्क’ आपल्या तोंडी राहिलेच.

म्हणून कुणी म्हणालं की हे शब्द परके, काढून टाका, तर त्याला एवढंच विचारा: मग वडिलांच्या जमिनीवर माझा काय आहे, ते कोणत्या शब्दात सांगू?

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!