उत्पन्नाची रेषा आणि निराधारांचा हक्क

निराधार व्यक्तींना दरमहा अर्थसाहाय्य देणारी संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० पासून राबवली जाते. ६५ वर्षांखालील विधवा, दिव्यांग, परित्यक्ता आणि दुर्धर आजाराने ग्रासलेल्या व्यक्ती तिच्या कक्षेत येतात, तर ६५ वर्षे पूर्ण केलेल्या वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. वय, वैधव्य किंवा किमान ४० टक्के दिव्यांगत्व कागदोपत्री सिद्ध झाले, तरी अनेक अर्जांचा निकाल अखेर उत्पन्नाच्या दाखल्यावर लागतो.

हा दाखला तहसील कार्यालयातून मिळतो आणि त्यात पाहिले जाते ते एकट्या अर्जदाराचे नव्हे, तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न. अर्जदाराचे नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत नसल्यास हे उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते; दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० रुपये आहे. त्यामुळे स्वतःच्या हाती एक रुपयाही नसलेली वृद्धा, घरातील कमावत्या मुलामुळे, कागदावर निराधार राहत नाही.

वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला अवघे १,७५० रुपये. रोजगार हमीच्या कामाचा महाराष्ट्रातील दर २०२५-२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे तेव्हा कायद्याने हमी दिलेले शंभर दिवसांचे काम एखाद्या कुटुंबाने पूर्ण केले असते, तर ३१,२०० रुपये मिळून ते या मर्यादेपलीकडे गेले असते. एका योजनेने देऊ केलेली मजुरी घेतल्याने दुसऱ्या योजनेचा हक्क जावा, ही विसंगती उघड आहे.

शिवाय मर्यादा ओलांडताच साहाय्य टप्प्याटप्प्याने घटत नाही, ते पूर्णच नाकारले जाते. अमेरिकेत १९७४ पासून चालू असलेल्या, गरीब वृद्ध व दिव्यांगांसाठीच्या सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम या योजनेतही उत्पन्नाची अट कडक आहे. परंतु तेथे महिन्याच्या मजुरीतील पहिले ६५ डॉलर वगळून उरलेल्या रकमेचा अर्धाच भाग हिशेबात धरतात, त्यामुळे थोडे काम करणाऱ्याचे साहाय्य कमी होते, पण एकदम तुटत नाही.

साहाय्य खऱ्या गरजूंपर्यंत पोहोचावे म्हणून उत्पन्नाची अट हवीच. मात्र ती महागाईशी जोडलेली, अर्जदाराच्या स्वतःच्या मिळकतीचा वेगळा विचार करणारी आणि कष्टाची शिक्षा न देणारी असली पाहिजे. शासनाने २१,००० रुपयांच्या मर्यादेचा तातडीने फेरविचार करावा.