बोटातून जाणारा प्रकाश

अंधारात टॉर्चवर बोट ठेवून पाहा. बोट लाल दिसते, कारण मुख्यतः लाल प्रकाशच आरपार येतो. पल्स ऑक्सिमीटर हे यंत्र असाच प्रकाश वापरते. जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये ही कल्पना मांडली. यंत्र बोटात लाल आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सोडते. रक्तात प्राणवायू कमी असेल, तर लाल किरण जास्त शोषले जातात. त्यावरून यंत्र हिशेब करते. सुई टोचायलाच नको!

पण त्वचेचा रंगही प्रकाश शोषतो. २०२० मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी जुन्या नोंदी तपासल्या. यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना रक्तात प्राणवायू ८८ टक्क्यांहूनही कमी, असे गोऱ्या रुग्णांत शंभरात सुमारे ४ वेळा घडले होते. कृष्णवर्णीय रुग्णांत सुमारे १२ वेळा. म्हणजे ज्याला तातडीने प्राणवायू द्यायचा, त्यालाच यंत्र 'ठीक आहे' म्हणत होते, आणि तेही कोरोनाच्या काळात!

विद्यापीठांत अभियंत्यांना प्रकाशाचे नियम शिकवतात. यंत्र कोणाकोणावर तपासावे, हेही अभ्यासक्रमात असायला हवे. अमेरिकी सरकारच्या २०१३ च्या सूचनेनुसार या तपासणीला १० माणसे पुरत. त्यांत गडद वर्णाची दोनच. जानेवारी २०२५ च्या नव्या मसुद्यात किमान १५० माणसे सुचवली आहेत, निरनिराळ्या वर्णांची.