अंतःपुरातील होकार

दरबारी प्रेमकथांमधील एक वळण इतके रुळलेले आहे की वाचकाला ते खटकतही नाही. राजा किंवा सरदार एखाद्या तरुणीला तिच्या घरातून उचलून आणतो, ती आधी रडते, संतापते, मग त्याच्या एकाकीपणाची ओळख पटून त्याच्यावर प्रेम करू लागते, आणि ते प्रेम एकदा जुळले की आरंभीची जबरदस्ती ही त्याचीच नांदी होती असे गृहीत धरून कथा पुढे सरकते. जपानी चित्रकथांना ‘मांगा’ म्हणतात आणि त्यांतील मुलींसाठी लिहिल्या जाणाऱ्या शाखेला ‘शोजो मांगा’. या शाखेला हे वळण वारशानेच मिळाले आहे. अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबु या दरबारी स्त्रीने लिहिलेल्या ‘गेन्जी मोनोगातारी’त नायक सुमारे दहा वर्षांच्या मुलीला वाड्यात आणून वाढवतो आणि काही वर्षांनी तिलाच पत्नीचे स्थान देतो, मात्र त्या पहिल्या रात्रीनंतर ती अंथरुणातून उठायला तयार नव्हती, हे लेखिकेने लपवलेले नाही. यामातो वाकी यांनी १९७९ पासून या कादंबरीला ‘आसाकि युमेमिशि’ या नावाने चित्ररूप दिले आणि असंख्य वाचकांची गेन्जीशी पहिली भेट याच रूपातून झाली.

या परंपरेकडे सर्वांत कठोर नजरेने पाहणारी मांगामालिका म्हणून योशिनागा फुमी यांच्या ‘ओओकु’चे नाव घ्यावे लागते. हाकुसेन्शा या प्रकाशनसंस्थेच्या ‘मेलडी’ या मासिकात २००४ पासून २०२० च्या अखेरीपर्यंत ती चालली, तिचे १९ खंड झाले आणि २००९ मध्ये तिला तेझुका ओसामु सांस्कृतिक पुरस्काराचा सर्वोच्च सन्मान मिळाला.

‘ओओकु’ म्हणजे एदो, अर्थात आजच्या तोक्योमधील किल्ल्यातील शोगुनचे अंतःपुर. शोगुन हा नावाने सम्राटाचा सेनापती असला, तरी तोकुगावा घराण्याच्या काळात खरा राज्यकर्ता तोच होता, आणि त्याला वारस मिळवून देणे हे या अंतःपुराचे मुख्य काम होते. तिसरा शोगुन इएमित्सु याचा ओढा तरुण पुरुषांकडे असल्याने त्याची दाई कासुगा नो त्सुबोने हिने त्याच्यासाठी स्त्रिया शोधून आणल्या आणि या व्यवस्थेला शिस्तीची चौकट दिली. शोगुनने रांगेतील एखाद्या स्त्रीचे नाव विचारले की तिला रात्रीचे बोलावणे आले असे समजावे, असा रिवाज होता. नाव विचारणे हा प्रश्न होता, पण त्याला उत्तर देण्याची सोय त्या स्त्रीला नव्हती.

इएमित्सुच्या अंतःपुरातील ओमान नो काता हिची हकिकत इतिहासात नोंदलेली आहे. क्योतोच्या दरबारी घराण्यातील ही मुलगी इसे येथील एका बौद्ध भिक्षुणी मठाची प्रमुख झाली आणि पदग्रहणानंतर शोगुनला अभिवादन करण्यासाठी १६३९ मध्ये एदोला आली. वय सोळाच्या आसपास. शोगुनच्या मनात ती भरली, तिला परत जाऊ दिले गेले नाही, दीक्षा सोडायला लावून तिचे केस वाढवले गेले आणि ती उपपत्नी झाली. तिला काय वाटले असेल, याची विचारपूस करण्याची गरज त्या काळात कोणाला भासली नाही.

योशिनागा यांनी नेमकी हीच हकिकत उचलली आणि उलटी केली. त्यांच्या कथेत ‘लाल चेहऱ्याची देवी’ अशा एका काल्पनिक साथीत तरुण पुरुष मोठ्या संख्येने मरतात, पुरुषांचे प्रमाण स्त्रियांच्या जेमतेम चौथाईवर येते, आणि राज्यकारभारापासून शेतीपर्यंत सारी कामे हळूहळू स्त्रियांकडे जातात. इएमित्सु स्वतः साथीत मरण पावतो. कासुगा ही बातमी दडवते आणि त्याने एका स्त्रीवर केलेल्या बलात्कारातून जन्मलेल्या चिए या मुलीला पुरुषवेषात शोगुन म्हणून बसवते. भिक्षुणीच्या जागी येथे आरिकोतो हा देखणा तरुण मठाधिपती आहे. तोही अभिवादनासाठीच येतो आणि अडकतो. तो नकार देतो तेव्हा त्याच्या सोबतच्या भिक्षूला ठार मारले जाते, आणखी जीव जातील अशी धमकी मिळते, आणि मग तो मान तुकवतो.

स्त्री-पुरुषांच्या जागा बदलल्याने वाचकाची सवय मोडते, हे या रचनेचे पहिले यश. भिक्षुणीची कहाणी ज्याने ‘नशीब उजळले’ म्हणून सहज वाचली असती, तोच वाचक आरिकोतोच्या वेळी थबकतो. परंतु योशिनागा येथे थांबत नाहीत. गादीवर बसलेली चिए सुद्धा कैदीच आहे: आईपासून हिरावलेली, स्वतःच्या नावाला मुकलेली, स्वतः अत्याचार सोसलेली, आणि केवळ गर्भ धारण करण्यासाठी जिवंत ठेवलेली. पुरुषवेषात कोंडलेल्या त्या मुलीच्या अंगावर आरिकोतो स्त्रीचे वस्त्र पांघरतो तेव्हा दोघांत प्रेम निर्माण होते, आणि ते प्रेम खरे आहे याबद्दल लेखिका शंका ठेवत नाही. प्रश्न आहे तो नंतर जुळलेल्या प्रेमाने आधीच्या बळजबरीला संमतीचा दर्जा मिळतो का, हा.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना निर्दोष ठरवले, कारण तिच्या अंगावर जखमा नव्हत्या आणि तिने प्रतिकार केल्याचे न्यायालयाला दिसले नाही. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार विधी-अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून संमती आणि निमूटपणे शरण जाणे यांतील फरकाकडे लक्ष वेधले. त्यातून उभ्या राहिलेल्या आंदोलनानंतर १९८३ मध्ये कायदा बदलला आणि कोठडीसारख्या ठिकाणी, जेथे एका पक्षाच्या हाती सारी सत्ता असते तेथे, ‘माझी संमती नव्हती’ हे स्त्रीचे म्हणणे न्यायालयाने गृहीत धरून चालावे अशी तरतूद आली. अंतःपुर आणि पोलीस ठाणे यांत शतकांचे व संस्कृतीचे अंतर आहे, पण दरवाजा बाहेरून बंद असताना आत दिलेल्या होकाराचे मोल काय, हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे.

‘ओओकु’ त्याचे उत्तर प्रसंगांतून देते. आरिकोतोकडून मूल होत नाही असे दिसताच दुसरे पुरुष आणले जातात. राज्याला वारस हवा आहे, प्रेम नको. ज्या बाईवर जीव जडला तिला इतरांच्या शेजेवर जाताना पाहणे असह्य झाल्यावर आरिकोतो शय्यासेवेतून मुक्त होण्याची परवानगी मागतो आणि अंतःपुराचा मुख्य व्यवस्थापक होतो. प्रत्यक्ष इतिहासातही तिशी गाठलेल्या उपपत्नीने शय्येवरून निवृत्त होण्याचा रिवाज होता. थोडक्यात, तेथे ‘नाही’ म्हणायचे तर ते रिवाजाच्या भाषेतच म्हणावे लागे, आणि तेही वरिष्ठाने मान्य केले तरच.

माहिती लपवून मिळवलेला होकार हा या मालिकेतील दुसरा धागा. पहिल्याच खंडात मिझुनो या तरुणाची शोगुन योशिमुने हिच्या पहिल्या रात्रीसाठी निवड होते. अविवाहित शोगुनच्या देहाला प्रथम स्पर्श करणाऱ्याने तिला इजा केली असे मानून त्याला मृत्युदंड द्यायचा, हा नियम त्याला निवडीनंतरच कळतो. योशिमुने शहाणी आहे, ती त्याला गुपचूप सोडून देते. येथे सुटका होते ती एका व्यक्तीच्या भलेपणामुळे, व्यवस्थेमुळे नव्हे, आणि पुढची शोगुन तितकी भली असेलच याची खात्री कोणी द्यावी?

उलट दिशेचे चित्र शोगुन त्सुनायोशी हिच्या भागात येते. शोगुनच्या शय्येशेजारी पहाऱ्याला माणसे झोपत आणि सकाळी रात्रीचा वृत्तांत देत, हा इतिहासातला रिवाज कथेतही आहे. एकुलती एक मुलगी गमावलेली, वडिलांच्या हट्टापायी रोज नव्या पुरुषाला सामोरी जाणारी त्सुनायोशी स्वतःला वेश्यागृहातील पुरुषांहूनही हीन मानते. तिच्या एका शब्दावर कोणाचेही प्राण जाऊ शकतात, पण स्वतःच्या देहावर तिचा शब्द चालत नाही. सर्वांत काळोखा भाग तेराव्या शोगुन इएसादाचा: राज्याची वारस असलेल्या या मुलीवर तिचा पिताच अत्याचार करतो. तिची मंत्री अबे मासाहिरो, जी कथेत स्त्री आहे, ताकियामा या पुरुषाला आणून इएसादासाठी अंतःपुर नव्याने उभे करते, ते पित्याला आत येता येऊ नये म्हणून. ज्या भिंतींनी आरिकोतोला कोंडले, त्याच भिंती येथे आडोसा होतात. संपूर्ण मालिकेतील हा सर्वांत विचारी उलटफेर म्हटला पाहिजे.

मालिकेत उणिवा नाहीत असे नाही. कासुगाला इतके क्रूर रंगवले आहे की चिएने सुरुवातीला केलेला आरिकोतोचा छळ तिच्या छायेत विरून जातो. शिवाय ही दोघे वाचकांची सर्वांत लाडकी जोडी ठरल्याने, योशिनागा ज्या वळणावर टीका करतात त्याचीच गोडी काही प्रमाणात त्यांच्याही कथेला लाभली आहे. संमतीचा प्रश्न पुढे चित्रीकरणातही आला: २०२३ मध्ये जपानच्या सार्वजनिक वाहिनीने, एनएचकेने, या कथेवर दूरचित्रवाणी मालिका काढली तेव्हा शय्येच्या दृश्यांसाठी ‘इंटिमसी कोऑर्डिनेटर’ची मदत घेतली. काय दाखवायचे आणि कलाकाराला कशाला हरकत आहे हे चित्रीकरणापूर्वी ठरवून देणारी ही व्यक्ती असते.

मूळ मांगामालिका २००४ मध्ये सुरू झाली तेव्हा जपानच्या १९०७ च्या दंडसंहितेनुसार बलात्काराची बळी केवळ स्त्रीच असू शकत होती, म्हणजे आरिकोतोवरील अत्याचाराला त्या कायद्यात ते नावच नव्हते. पुरुषांचा समावेश २०१७ मध्ये झाला, परंतु बळजोरी किंवा धमकी वापरली गेली, अथवा पीडित व्यक्ती प्रतिकार करण्यास असमर्थ होती, हे सिद्ध करण्याची अट राहिलीच. त्यामुळे २०१९ मध्ये आइची प्रांतातील ओकाझाकी येथील न्यायालयाने मुलीची संमती नव्हती हे मान्य करूनही तिच्या पित्याला निर्दोष सोडले. देशभर निदर्शने झाली आणि पुढील वर्षी उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. जुलै २०२३ पासून जपानमध्ये या गुन्ह्याचे नावच ‘संमतीविना संभोग’ असे आहे, आणि नकार देणे अशक्य करणाऱ्या ज्या आठ परिस्थिती कायद्याने नमूद केल्या आहेत, त्यांतील एक समोरच्या व्यक्तीच्या आर्थिक किंवा सामाजिक वर्चस्वामुळे वाटणाऱ्या भीतीची आहे.