विश्लेषण : तळहाताएवढ्या गिटार प्रोसेसरकडून वादकांना नेमके काय हवे आहे?

डझनभर पेडलचे काम एकट्याने करणारी छोटी पेटी ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. तरीही अशी एखादी नवी पेटी येणार म्हटले की वादकांच्या मागण्यांची यादी तयारच असते. आवाज उत्तम हवा, इफेक्ट भरपूर हवेत, खटके जास्त हवेत, वीज कमी लागावी आणि आकार मात्र लहानच राहावा. यातील प्रत्येक मागणी रास्त आहे. अडचण अशी की त्या एकमेकींच्या आड येतात. त्या कशा, याविषयी…

मल्टी-इफेक्ट्स पेडल म्हणजे काय?

इलेक्ट्रिक गिटारमधून निघणारा मूळ आवाज बराच कोरडा असतो. त्याला खरखरीत धार देणारे डिस्टॉर्शन, प्रतिध्वनी देणारा डिले, मोठ्या सभागृहाचा भास निर्माण करणारा रिव्हर्ब, आवाज दाट करणारा कोरस असे संस्कार करून तो अॅम्प्लिफायरकडे किंवा ध्वनिक्षेपकाकडे पाठवला जातो. प्रत्येक संस्कारासाठी पायाने दाबायची वेगळी पेटी, म्हणजे पेडल, ही जुनी पद्धत. हे सगळे संस्कार एकाच संगणकीय चिपवर आकडेमोड करून देणारे यंत्र म्हणजे मल्टी-इफेक्ट्स पेडल. आपल्याकडचे वादक त्याला सरसकट ‘प्रोसेसर’ म्हणतात.

इथवरचा प्रवास कसा झाला?

‘माएस्ट्रो फझ-टोन’ हे पेडल १९६२ मध्ये बाजारात आले. १९६५ मध्ये ‘रोलिंग स्टोन्स’च्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गाण्यात त्याचा आवाज जगाने ऐकला आणि पेडलना मागणी आली. जपानच्या ‘बॉस’ने १९७७ मध्ये छोट्या पेडलची मालिका सुरू केली. साधारण ७ सेंटिमीटर रुंद आणि १३ सेंटिमीटर लांब हा त्यांचा आकार पुढे जणू प्रमाण ठरला. याच कंपनीने १९८३ मध्ये ‘डीडी-२’ हा डिजिटल डिले त्याच आकारात बसवला आणि १९८८ मध्ये ‘एमई-५’ हा जमिनीवर ठेवायचा मल्टी-इफेक्ट्स आणला. १९९८ मध्ये अमेरिकेतील ‘लाइन ६’च्या ‘पॉड’ने नामांकित अॅम्प्लिफायरच्या आवाजांची नक्कल टेबलावरच्या छोट्या यंत्रात आणली.

आकाराची खरी शर्यत त्यानंतरची. ‘झूम’ या जपानी कंपनीच्या ‘एमएस-५०जी’ने २०१२ मध्ये एका साध्या पेडलच्या आकारात एका वेळी सहा इफेक्ट चालवून दाखवले. २०१८ मध्ये ‘लाइन ६’चा ‘एचएक्स स्टॉम्प’ आला. मोठ्या ‘हेलिक्स’मधील आवाज त्याने सुमारे १८ सेंटिमीटर रुंदीच्या पेटीत दिले. आज कोणतीही नवी छोटी पेटी आली की तिची तुलना बहुधा या दोन यंत्रांशी होते.

पहिली अपेक्षा : ‘आणखी एक इफेक्ट’ का बसत नाही?

डिजिटल पेटी गिटारचा आवाज दर सेकंदाला साधारण ४८ हजार वेळा मोजते आणि प्रत्येक मोजमापावर गणित करते. पुढचे मोजमाप येण्याआधी सगळ्या इफेक्टचे गणित संपलेच पाहिजे. ते संपले नाही, तर आवाजात कटकट ऐकू येते किंवा तो तुटतो. म्हणूनच यादीत शंभर इफेक्ट असले तरी एका वेळी मोजकेच चालतात. त्यातही सगळे सारखे खर्चिक नसतात. साध्या व्हॉल्यूम पेडलला नगण्य शक्ती लागते. चांगला रिव्हर्ब, सूर वर-खाली करणारा पिच शिफ्टर आणि अॅम्प्लिफायरची हुबेहूब नक्कल हे मात्र चिपचा मोठा वाटा खातात.

‘एचएक्स स्टॉम्प’चे उदाहरण बोलके आहे. सुरुवातीला त्यात एका वेळी सहा इफेक्ट जोडता येत. वादकांची मागणी कायम राहिली आणि २०२० मधील मोफत सॉफ्टवेअर अपडेटने ही संख्या आठ झाली. पेटीतील चिप मात्र तीच होती. त्यामुळे हलके इफेक्ट आठ बसतात, पण दोन-तीन जड इफेक्ट घेतले की जागा आजही त्याआधीच संपते. म्हणून जाहिरातीत ‘एका वेळी किती इफेक्ट’ यापेक्षा ‘कोणते इफेक्ट एकत्र चालतात’ हा प्रश्न महत्त्वाचा.

दुसरी अपेक्षा : खटक्यांवरून वाद कशासाठी?

घरी सराव करताना हाताने बटणे फिरवता येतात. मंचावर दोन्ही हात तारांवर असतात आणि यंत्राशी बोलायला उरतो तो एक पाय. पेटी जितकी लहान तितके खटके कमी, आणि ते जवळजवळ आले तर बुटाचा एक पाय दोन खटक्यांवर पडतो. ‘एचएक्स स्टॉम्प’ला तीन खटके होते. ते पुरत नाहीत ही तक्रार ऐकून कंपनीने २०२१ मध्ये आठ खटक्यांचा ‘एक्सएल’ आणला. खटके मिळाले, पण पेटीही बरीच रुंद झाली. म्हणजे ज्या गुणासाठी मूळ यंत्र घेतले जायचे, तोच गुण या सोयीसाठी द्यावा लागला.

याला जोडून आणखी एक मागणी असते. एका आवाजावरून दुसऱ्यावर जाताना मधे क्षणभरही शांतता नको आणि आधीच्या आवाजाचा प्रतिध्वनी मधेच कापला जाऊ नये. कडव्यातून थेट सोलोवर उडी मारताना ही फट श्रोत्यालाही जाणवते. पण ती पूर्ण मिटवायची तर जुनी आणि नवी अशा दोन्ही आवाजांची गणिते काही काळ एकदमच चालवावी लागतात. म्हणजे पुन्हा चिपवर भार आला. त्यामुळे अनेक कंपन्या मधला मार्ग काढतात. इफेक्टची साखळी तीच ठेवायची आणि खटका दाबल्यावर फक्त तिच्यातील आकडे बदलायचे.

विजेचा प्रश्न किती गंभीर?

जुन्या धाटणीच्या साध्या अॅनालॉग पेडलला बहुधा ५ ते २० मिलीअँपिअर वीज पुरते. नेहमीच्या चौकोनी ९ व्होल्ट बॅटरीची क्षमता साधारण ५०० मिलीअँपिअर-तास असते. त्यामुळे असे पेडल त्यावर कित्येक कार्यक्रम चालते. ३०० मिलीअँपिअर ओढणारी डिजिटल पेटी त्याच बॅटरीवर दोन तासही तग धरत नाही. ‘एचएक्स स्टॉम्प’सोबत तर ३ अँपिअर क्षमतेचा अॅडॉप्टर दिला जातो. पेटी खिशात मावली तरी अॅडॉप्टर, वायर आणि एक्स्टेन्शन बोर्ड हे लटांबर सोबत न्यावेच लागते. यूएसबी-सी किंवा पॉवर बँकेवर पेटी चालावी, ही मागणी यातूनच येते.

तार छेडल्यावर आवाज उशिरा येतो का?

थोडा येतोच. आवाजाचे आकड्यांत रूपांतर, गणित आणि पुन्हा आवाजात रूपांतर, याला चांगल्या पेटीत दोन-तीन मिलिसेकंद लागतात. हवेतून ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे हा उशीर अॅम्प्लिफायरपासून मीटरभर मागे सरकून उभे राहण्याइतकाच. तो बोटांना खटकत नाही. पण वायरलेस यंत्रणा, दोन डिजिटल पेडल आणि डिजिटल मिक्सर असे एकामागोमाग जोडले की हे उशीर साठत जातात.

पिच शिफ्टरची अडचण वेगळी आहे. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते. म्हणजे तिचे एक आवर्तन पूर्ण व्हायलाच १२ मिलिसेकंद लागतात. सूर ओळखण्यासाठी यंत्राला तारेचे थोडेतरी ऐकून घ्यावेच लागते. कितीही महाग चिप बसवली तरी ही वाट पाहणे पूर्णपणे टळत नाही.

‘एआय’मुळे काय बदलले?

पूर्वी अभियंते अॅम्प्लिफायरच्या सर्किटचा एकेक भाग गणितात मांडत. आता खऱ्या अॅम्प्लिफायरमधून ठरावीक आवाज पाठवायचा, बाहेर आलेला आवाज ध्वनिमुद्रित करायचा आणि या दोहोंतील नाते न्यूरल नेटवर्कला शिकवायचे, ही पद्धत रुळली आहे. फिनलंडच्या ‘न्यूरल डीएसपी’चा ‘क्वाड कॉर्टेक्स’ आणि इटलीतील ‘आयके मल्टिमीडिया’चा ‘टोनएक्स’ ही त्याची ठळक उदाहरणे. ‘न्यूरल अॅम्प मॉडेलर’ हे मुक्त सॉफ्टवेअर तर मोफत उपलब्ध आहे. त्यामुळे हजारो वादकांनी टिपलेले आवाज एकमेकांना देता येतात. आता वादकांची अपेक्षा अशी की हे आवाज कोणत्याही कंपनीच्या पेटीत चालावेत. कंपन्यांना मात्र ग्राहक आपल्याच दालनात राहायला हवा असतो. एक मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. असे टिपलेले आवाज सहसा अॅम्प्लिफायरच्या एका ठरावीक स्थितीचे छायाचित्र असतात. त्यावर बटण फिरवले म्हणजे मूळ यंत्राचे बटण फिरवल्यासारखा परिणाम मिळेलच असे नाही.

आपल्याकडच्या वादकांच्या गरजा वेगळ्या आहेत का?

काही अंशी, हो. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटारवादक एका रात्रीत लावणी, कोळीगीत, जुने हिंदी गाणे आणि रॉक वाजवतो. त्याला तीन-चार उत्तम आवाजांपेक्षा झटपट सापडणारे वीस आवाज हवे असतात. मिरवणुकीतल्या बेंजो पार्टीत बेंजोवादकही प्रोसेसर लावतो. तिथे वीज जनरेटरवरची असते, धूळ-पाऊस असतो आणि खाली वाकून पडद्यावरची बारीक अक्षरे वाचायला वेळ नसतो. व्हायोलिन किंवा अकूस्टिक गिटारला पिझो पिकअप असेल तर यंत्राचा इनपुट इंपीडन्स पुरेसा जास्त, किमान १ मेगाओहमच्या आसपास असावा लागतो. नाहीतर आवाज पातळ आणि निस्तेज होतो. लोकलच्या गर्दीत एका खांद्यावर गिटार आणि दुसऱ्या खांद्यावर पेडलबोर्ड सांभाळणाऱ्याला छोट्या पेटीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

या वादकासाठी प्रोसेसर ही हौस नसून रोजीचे साधन आहे. ऐन हंगामात तो बंद पडला तर सुपाऱ्या हातच्या जातात. परदेशी बनावटीच्या यंत्राचा सुटा भाग किंवा दुरुस्ती वेळेवर मिळेलच याची खात्री नसते. म्हणून नव्या इफेक्टपेक्षा मजबूत खटका आणि जवळचे सेवा केंद्र ही त्याची पहिली मागणी असते, आणि जाहिरातीत नेमका त्याचाच उल्लेख नसतो.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

आपल्याला एका वेळी लागणारे सर्वांत जड इफेक्ट दुकानात एकत्र लावून पाहावेत. आवाज बदलताना मधे पडणारी फट कानाने तपासावी. रोजचे बूट घालून खटके दाबून पाहावेत. वीजपुरवठा किती मिलीअँपिअरचा लागतो आणि प्लगची धनऋण दिशा कोणती, हे वाचल्याशिवाय दुसऱ्याचा अॅडॉप्टर लावू नये. त्या कंपनीने जुन्या यंत्रांना किती वर्षे अपडेट दिले, हेही पाहावे. ‘एमएस-५०जी’ची सुधारित ‘प्लस’ आवृत्ती यायला दशकाहून अधिक काळ लागला आणि तोवर कित्येकांनी पहिल्याच पेटीवर कार्यक्रम निभावले. सगळ्या अपेक्षा पुरवणारी पेटी तयार होणे अवघड आहे. आपल्याला कोणती उणीव चालेल हे ज्याने आधी ठरवले आहे, त्याची निवड सहसा चुकत नाही.