चालत्या स्वयंपाकघराची ज्योत

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून निघालेली तुकोबारायांची पालखी लोणी काळभोरचा मुक्काम उरकून दौंड तालुक्यात शिरते, तेव्हा यवतच्या काळभैरवनाथ मंदिरात गावकऱ्यांनी पिठलं-भाकरी मांडलेली असते. पण वारीतली प्रत्येक पंगत गावाच्या चुलीवर उठत नाही. दिंड्यांचे ट्रक आणि टेम्पो पुढे निघून गेलेले असतात. त्यांच्या हौद्यात पातेली, शिधा, तंबू, भट्टीच्या शेगड्या आणि गॅसच्या टाक्या. माणसं वरवंडला टेकेपर्यंत भात शिजलेला हवा. पुढे पाटस ओलांडून रोटी घाट चढायचा असतो, तोही याच सामानासकट.

शिरूरच्या बाजूला असंच स्वयंपाकघर वेगळ्या रूपात दिसतं. पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर, रांजणगावच्या महागणपतीला येणारे भाविक आणि एमआयडीसीतून शिफ्ट संपवून निघणारे कामगार यांच्यासाठी खाण्याच्या गाड्या उभ्या राहतात. ज्या गाडीत पिझ्झा किंवा भाजलेलं काही मिळतं, तिच्या पोटात गॅसवरचा ओव्हन असतो. त्यात 2021 मध्ये राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. म्हणजे चाकांवर रांधणारे लोक आता फक्त वारकरी आणि गाडीवाले राहिलेले नाहीत.

या सगळ्यांना कधी ना कधी एकच अडचण येते. गॅस आहे, पण ज्योत धरत नाही. आणि नेमकं त्या वेळी जे करू नये तेच बहुतेक ठिकाणी केलं जातं: पिन किंवा तार घेऊन जेट टोचायला बसतात. जेटचं भोक मिलिमीटरच्या अंशाएवढं असतं आणि ते मऊ पितळेत पाडलेलं असतं. तारेने ते रुंदावतं, गॅस जास्त येतो, हवा पुरत नाही, ज्योत पिवळी होते, आणि पातेल्याचं बूड काळं पडतं. मूळ बिघाड भलतीकडेच राहतो. माझं आग्रहाचं सांगणं असं, की गॅस ज्या वाटेने येतो त्याच वाटेने तपासत जावं. आधी टाकी, मग रेग्युलेटर, मग नळी आणि कॉक. बर्नरवर सगळ्यात शेवटी यावं.

टाकीपासूनच धरू. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. प्रोपेन उणे 42 अंशाला उकळतो, ब्युटेन मात्र शून्याच्या जरासा खाली. आपल्याकडच्या टाकीत ब्युटेनचा वाटा मोठा असतो. द्रवाचा वायू होताना तो टाकीतलीच उष्णता ओढून घेतो. मोठी भट्टी तासभर पूर्ण जोरात चालली की टाकी गार पडते, बाहेरून दव धरते, कधी बर्फाचा थरही दिसतो. ज्योत बारीक होते. मग कोणी टाकी आडवी करतं, कोणी तिच्यावर उकळतं पाणी ओततं, तर कोणी खाली निखारे सरकवतं. यातलं काहीही करू नये. आडव्या टाकीतून वायूऐवजी द्रव बाहेर येतो, आणि एक लिटर द्रवाचा जवळपास अडीचशे लिटर वायू होतो. हा लोंढा शेगडीच्या तोंडाशी पोचला की भडका ठरलेलाच. मोठ्या भट्टीला दोन टाक्या एकत्र जोडून घ्याव्यात, म्हणजे प्रत्येकीवरचा ताण निम्मा होतो. टाकी बदलताना व्हॉल्व्हच्या तोंडातला रबरी वॉशर जागेवर आहे का, तो चिरलेला नाही ना, हेही बघावं. रोटी घाटासारख्या चढावर आणि खड्ड्यांत हिंदकळलेली टाकी उभी बांधलेली नसेल, तर रेग्युलेटरच्या सांध्यावर सगळा भार येतो.

रेग्युलेटरपाशी थोडं थांबायला हवं, कारण चाकांवरच्या स्वयंपाकघरातली सगळ्यात घातक गफलत इथे होते. भट्टीच्या शेगडीला हाय प्रेशर रेग्युलेटर लागतो, चावी फिरवून दाब वाढवता येणारा. घरगुती शेगडी आणि ओव्हन मात्र 30 मिलिबारच्या आसपासच्या दाबासाठी बनवलेले असतात. एकाच गाडीत दोन्ही असले की घाईत एकाचा रेग्युलेटर दुसऱ्याला लागतो. ओव्हनवर जास्त दाब गेला तर आतल्या थर्मोस्टॅटचा आणि सेफ्टी व्हॉल्व्हचा नाजूक पडदा फाटू शकतो, आणि तो बाहेरून दिसत नाही. उलट भट्टीला कमी दाबाचा रेग्युलेटर लावला की ज्योत नुसती लुकलुकते आणि सगळे गॅस एजन्सीला दोष देतात. दोन्हींच्या टाक्या वेगळ्या ठेवाव्यात आणि रेग्युलेटरला रंगीत फडकं बांधावं. दाब मोजायला महागडं यंत्र लागत नाही. पारदर्शक नळी इंग्रजी यूच्या आकारात वाकवून तिच्यात पाणी भरलं आणि एक टोक गॅसच्या बाजूला जोडलं, की दोन्ही बाजूंच्या पाण्यात सुमारे तीस सेंटिमीटरचा फरक दिसला पाहिजे. हे काम जाणत्या फिटरकडूनच करून घ्यावं, पण तो ते करतो की नाही हे आपण विचारावं.

ओव्हनची एक सवय माहीत नसल्याने चांगला ओव्हनही बिघडलेला ठरतो. त्यात पायलट नावाची छोटी ज्योत असते आणि तिच्या अंगाला थर्मोकपलचं टोक टेकलेलं असतं. टोक तापलं की काही मिलिव्होल्ट वीज तयार होते, आणि तेवढ्याशा विजेवर चुंबक गॅसचा व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवतो. म्हणून पेटवल्यावर बटण अर्धा मिनिट दाबून धरावं लागतं. सोडल्याबरोबर पायलट विझत असेल, तर आधी ते टोक बघा. धक्क्यांनी ते ज्योतीपासून बाजूला सरकलेलं असतं, काजळीने माखलेलं असतं, किंवा मागची जोडणी सैल झालेली असते. गॅस बंद करून, ओव्हन गार झाल्यावर बारीक पॉलिश कागदाने टोक पुसावं, सरळ करावं. तरीही विझलं तर थर्मोकपल बदलावा. ती स्वस्त वस्तू आहे. काही परदेशी बनावटीच्या ओव्हनमध्ये आधी पायलटची ज्योत मोठी होते आणि मुख्य बर्नर मिनिटभराने पेटतो. तेवढा वेळ न थांबता लोक पुन्हा पुन्हा बटण फिरवतात. विझल्यानंतर लगेच काडी ओढू नये. दार उघडं ठेवून साचलेला गॅस निघून जाऊ द्यावा.

बर्नरचे बिघाड बहुधा किड्या-कोळ्यांमुळे होतात. गाडी पावसाळाभर किंवा वारी ते वारी बंद राहिली, की हवा घेणाऱ्या नळीत कोळी जाळं विणतो, कुंभारीण माशी मातीचं घर करते. हवा अडते, ज्योत पिवळी होते, किंवा फट्ट आवाज होऊन ज्योत आत शिरते. बाटली धुण्याचा ब्रश आणि हवेचा झोत एवढ्याने काम होतं. जेट काढून साबणाच्या पाण्यात धुवावं, फुंकून स्वच्छ करावं.

गळती शोधायला साबणाचा फेस लावावा, काडी कधीच नाही. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असल्याने तो ट्रकच्या हौद्यात खालीच साचतो. वरची खिडकी उघडून भागत नाही, फळीजवळ वारा खेळता हवा. नळी आयएसआय खुणेची असावी, तिच्यावर छापलेली मुदत बघावी आणि उंदरांनी कुरतडलेली नसल्याची खात्री करावी. टाकीच्या कड्यावरची चाचणीची तारीखही वाचावी: ए ते डी ही अक्षरं वर्षाच्या तिमाह्या, पुढचा आकडा सालाचा. घरगुती 14.2 किलोची टाकी व्यवसायाला वापरणं बेकायदा आहे, त्यासाठी 19 किलोची व्यावसायिक टाकी घ्यावी.

पावसात ताडपत्री पूर्ण ओढून, आत ऊब यावी म्हणून शेगडी किंवा ओव्हन पेटता ठेवून झोपणं हा सगळ्यात मोठा धोका. अपुऱ्या हवेत जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. दमून झोपलेल्या माणसाला तो कळतच नाही. रात्री टाकी बाहेर, उभी आणि बंद ठेवावी. वास आलाच तर विजेचं बटण चालू-बंद न करता, मोबाइलला हात न लावता सगळ्यांना बाहेर काढावं, जमल्यास टाकी बंद करावी, आणि लांब जाऊन 1906 या गॅस गळतीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा.